आधी केसरबाईंना विचारा

मी एक नमुना बोलतोय. संगणकवाले मला स्टार्टर मॉड्यूल म्हणतात. मला रंग नाही, वास नाही, वजन नाही. कागदावर छापलं तर धड एक पान भरणार नाही एवढासा माझा जीव. तरी माझंही एक आयुष्य आहे, आणि ते मध्य प्रदेशातल्या, पण मराठी बोलणाऱ्या सौसर तालुक्यात, लोधीखेड्याजवळच्या एका गावात, कपाशी पिकवणाऱ्या घरात चाललं आहे.

माझं काम कळायला आधी डबा कळायला हवा. एखादा प्रोग्राम एका लॅपटॉपवर सुरळीत चालतो आणि दुसऱ्यावर नेला की रुसून बसतो, कारण त्याला लागणारं सामान तिथे नसतं. म्हणून शहाण्या लोकांनी प्रोग्राम आणि त्याचं सगळं सामान एकाच डब्यात भरायची युक्ती काढली. त्या डब्याला ते कंटेनर म्हणतात. नागपूरला शिकायला निघालेल्या लेकीला आई भाकरीबरोबर ठेचा, कांदा आणि मिठाची पुडीसुद्धा बांधून देते, तसंच काहीसं. आता डबा भरायचा, चाखून पाहायचा, बरा असेल तर पुढे पाठवायचा, ही कामं दर वेळी त्याच क्रमाने व्हायला हवीत. या क्रमाला पाइपलाइन म्हणतात.

पहिल्यांदा पाइपलाइन बांधणाऱ्याला कोऱ्या पडद्यासमोर घाम फुटतो. त्याच्यासाठी मी आहे. तुम्ही एक आदेश द्या, मी तुमच्या फोल्डरमध्ये जन्माला येतो आणि दोन साधी कामं करून दाखवतो. एक, डबा उघडून तुम्ही जे बोलाल तेच परत बोलायचं. दुसरं, एखाद्या फोल्डरमध्ये तुम्ही सांगाल तो शब्द शोधायचा. बस. हे बघून माणसाला धीर येतो, तो आपलं लिहायला लागतो आणि पहिल्या दिवशीच मला पुसून टाकतो. गरज सरो, वैद्य मरो. माझी किती भावंडं अशी जन्मली त्या दिवशीच गेली असतील, कुणी मोजत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं असं नाही. नमुना हा मोडण्यासाठीच असतो.

मी मात्र वाचलो, कारण मी वृषालीच्या हाती पडलो. वृषाली म्हणजे नत्थूजी आणि केसरबाईंची मुलगी. नागपूरच्या एका कंपनीची नोकरी ती गावातल्या घरून करते. उरलेल्या वेळात तिने गावासाठी एक काम काढलं होतं. कपाशीवर केव्हा फवारायचं, केव्हा थांबायचं, हे गावातल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांना फोनवर सांगायचं. लिहून नाही, आवाजात. लिहिलेला संदेश कोण वाचतो? फोन वाजला, उचलला, माणसासारखं माणूस बोललं, तर ऐकतात.

तिच्या जोडीला होता गौरव, पांढुर्ण्याचा, तिच्या कॉलेजातला. त्याचे आईवडील दोघं शिक्षक. शनिवारी मोटारसायकलवर यायचा आणि वाटेतल्या जामसावळीच्या हनुमान मंदिराच्या गर्दीमुळे उशीर झाला असं दर वेळी सांगायचा. हनुमानजींना याच्या उशिराचा भार किती वाहावा लागला असेल, तेच जाणोत.

वृषालीने मला पहिल्यांदा चालवलं तेव्हा केसरबाई शेजारी बसून मेथी निवडत होत्या. वृषालीने मला "राम राम" म्हटलं, मी डबा उघडून "राम राम" म्हटलं. केसरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"थे तं तू बोलली थेच बोलून राहिलं. मंग याचा उपयोग काय?"

"चालून राहिलं, हे समजते न आई."

"असा रावा आपल्या घरी नाही पोसला कोणी," केसरबाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी उचलली. पोपट म्हटल्याचा मला राग आला नाही. पहिल्या भेटीत कुणी माझं याहून जास्त कौतुक केलेलं मला आठवत नाही.

गौरव म्हणाला, "हे उदाहरणं डिलीट करून टाक, कचरा हाय." वृषाली म्हणाली, "राहू दे न, काय खाऊन राहिलं तुहं?" आणि तिने मला पुसण्याऐवजी वाढवलं. तारीख काढायची एक पायरी, आवाजाचे तुकडे जोडायची दुसरी, तपासायची तिसरी, फोन लावायची चौथी. शब्द शोधायचं माझं जुनं काम तिने तपासणीला लावलं. संदेशात दिवस आला का, औषधाचं नाव आलं का, मी शोधून सांगायचो. सापडलं की हिरवी खूण, नाही तर लाल.

आवाज कुणाचा, यावर बरीच चर्चा झाली. गौरवकडे शहरी बायकांचे तयार आवाज होते, गोड आणि गुळगुळीत. नत्थूजींनी एक ऐकला आणि म्हणाले, "हे तं बँकवाली वाटते. लोकं फोन कापतीन." नत्थूजी मोजकं बोलतात, पण गावातल्या शेतकरी गटात त्यांच्या शब्दाला मान आहे. शेवटी वृषाली आईला म्हणाली, "तूच बोल."

केसरबाईंनी आधी हात झटकले. मग म्हणाल्या, "बोलीन बाप्पा. पण ध्यानात ठेव. लोकं म्हणतीन केसरबाईनं सांगतलं. तुह्या मशीननं सांगतलं असं कोणीच नाही म्हणत." हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, आणि वृषालीने तितक्याच सहज मान हलवली. केसरबाईंना गावात लोक विचारून कामं करतात. बाळंतिणीला काय द्यावं, लोणच्याच्या कैऱ्या केव्हा आणाव्यात. त्यांनी आजवर अंदाजाने काही सांगितलेलं नाही, आणि जे ठाऊक नाही त्याला ठाऊक नाही म्हटलं. तेवढ्यावर त्यांचं नाव उभं होतं. ते नाव आता आम्ही फोनवर चढवणार होतो.

पहिला मोठा संदेश पोळ्याच्या अमावस्येचा ठरला. त्या काळोख्या रात्रींत बोंडअळीचे पतंग कपाशीवर अंडी घालतात. त्याच सुमाराला निंबोळी अर्क फवारला तर अंडी जागीच संपतात. नत्थूजींनी गौरवला समोर बसवून सांगितलं, "श्रावणातली आवस धर. तिच्या दोन दिवस आंधी फोन गेला पायजे." गौरवने मान डोलावली आणि मला तसंच लिहून दिलं. श्रावण, अमावस्या, दोन दिवस आधी. तारीख काढायला त्याने इंटरनेटवरून एक तयार पंचांग आणलं, डब्यात बंद, वर कसलीच सूचना नाही.

आता इथली एक गोष्ट सांगतो. इथल्या घरांत भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. एक नागपूरकडचं मराठी, सणावारांसाठी. दुसरं हिंदी, किराणा दुकानातून फुकट मिळालेलं, शाळेच्या आणि सरकारी सुट्ट्यांसाठी. आपला महिना अमावस्येला संपतो, हिंदी महिना पौर्णिमेला. म्हणून काळोखा पंधरवडा त्यांच्याकडे पुढच्या महिन्याच्या नावावर जातो. आपल्या श्रावणातली शेवटची अमावस्या, म्हणजे पोळा, त्यांच्या कॅलेंडरात भाद्रपदात असते. आणि त्यांची श्रावणातली अमावस्या येते तेव्हा आपला आषाढ संपत असतो. पूर्ण एका महिन्याचा फरक. पण याने कुणाचं कधी अडत नाही. पोळा आला की बैल धुवायचे, हे कळायला कुणी महिन्याचं नाव वाचत बसत नाही. पुण्याच्या माणसाने हिंदी पंचांग घेतलं नसतं आणि भोपाळचा माणूस पोळ्याला श्रावणातली आवस म्हणाला नसता. दोन्ही एका घरात सुखाने नांदतात ती आमच्याच भागात, म्हणून ही चूक व्हायची तर इथेच होणार होती.

गौरवने आणलेलं पंचांग हिंदी होतं. मी तारीख काढली, आवाज जोडला, दिवस सापडला, औषध सापडलं, सगळं हिरवं. दिवस कोणता आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं. हिरव्या खुणा पाहून दोघांनी टाळ्या दिल्या आणि केसरबाईंनी चहा टाकला.

आषाढ संपता संपता एका सकाळी मी आपणहून जागा झालो आणि गावभर फोन लावले. "मी केसरबाई बोलून राहिली. परवा पोळ्याची आवस हाय. कपाशीवर निंबोळी अर्क मारून घ्या."

कपाशी तेव्हा गुडघ्याएवढीही नव्हती. फुलं नाहीत, पात्या म्हणजे कळ्याही नाहीत, अळी अंडी घालणार कुठे? दुपारपर्यंत गावात हसू पसरलं. पाणी भरायला गेलेल्या केसरबाईंना बायकांनी विचारलं, "काहून वो केसरबाई, यंदा पोळा आषाढातच करता काय? पुरणाची डाळ भिजू घालाव का मंग?" केसरबाई घागर तिथेच ठेवून घरी आल्या.

हसणारे हसले, ते एक वेळ परवडलं. पण शेजारच्या अंबाबाई हसल्या नाहीत. अंबाबाई एकट्या आहेत, आपली थोडी कपाशी स्वतःच करतात. त्यांनी उन्हाळ्याच्या शेवटी कडुनिंबाखालच्या निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवल्या होत्या. त्यांना वाटलं, पोळ्याचं बोलताना केसरबाईची जीभ घसरली असेल, पण फवारा म्हणते तर फवारावं. त्यांनी सगळ्या निंबोळ्या कांडल्या, रात्रभर भिजवल्या, गाळल्या आणि मोकळ्या पानांवर फवारून टाकल्या. खऱ्या आवसेसाठी त्यांच्याकडे मूठभरही उरली नाही. हे केसरबाईंना त्यांनीच सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. "तुह्या म्हणण्यावर मारून टाकलं वो बाई, बरं केलं न मी?"

शनिवारी गौरव आला तेव्हा स्वयंपाकघरात महाभारत झालं. लॅपटॉप ओट्याच्या कडेला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मी श्रावणाचीच आवस टाकली," गौरव म्हणाला. "काकाजीनं सांगतली थेच. हे पाय, कॅलेंडरात लिहून हाय." त्याने हिंदी कॅलेंडरावर बोट ठेवलं.

"अन् हे काय हाय मंग?" वृषालीने मराठी कॅलेंडर उचकटून त्याच्यासमोर धरलं. त्या झटक्यात खिळाही निघाला.

दोघंही आपापल्या पानावर बोट ठेवून उभे. नत्थूजींनी दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी धरून पाहिली, बराच वेळ. मग म्हणाले, "मी बी बरोबर सांगतलं, यानं बी बरोबर लिहिलं. अन् गावात तोंड दाखवाले जागा नाही राहिली." ते हसत नव्हते.

गौरव शरमला होता, पण शरमलेला माणूस कधीकधी उगाच शहाणपणा करतो. तो म्हणाला, "सोडून देऊ हे. शहरातली तयार सर्विस घेऊ. हिंदीत मेसेज येते, गलती झाली तं त्यायची."

केसरबाई आतापर्यंत पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "माहा आवाज काढून टाक वृषाली. आजच काढ."

"आई, सुधरवते न मी. पुढल्या आवसेले बरोबर जाईन."

"तुहं सुधरन. माह्याकडून अंबाबाईनं सगळी निंबोळी घालवली थे कसं सुधरन?"

वृषालीचे डोळे भरून आले. माझेही, असते तर, भरून आले असते. कारण तिला आणि मलाही ठाऊक होतं की आता दुसऱ्या कुणाच्या आवाजावर गाव फोन उचलणार नाही, आणि केसरबाईंच्या आवाजावर उचलेल की नाही याचीच शंका. खरी आवस महिन्यावर आली होती. त्या दिवशी संदेश गेला नाही, किंवा गेला आणि कुणी ऐकला नाही, तर अळी काही वाट पाहणार नव्हती.

शेवटची पोळी भाजून केसरबाईंनी तवा उतरवला. "एक आयक," त्या म्हणाल्या. "माह्या आवाजात जे जाईन, थे पहले माह्या कानात गेलं पायजे. मी हो म्हणन तवा पुढे. मी नाही म्हणन तं तुह्या बापानं सांगतलं तरी नाही. असं होते का तुह्या मशीनमधी?"

"होते," वृषाली म्हणाली.

पंचांग बदलणं सोपं होतं. गौरवने ते तासाभरात बदललं, मराठी पंचांगाचं आणलं, आणि पुढच्या पाच वर्षांचे पोळे काढून नत्थूजींकडून तपासून घेतले. माझ्यात खरा बदल दुसराच झाला. आवाज जोडणं आणि गावाला फोन लावणं यांच्यामध्ये वृषालीने एक नवी पायरी टाकली. आता मी सगळं तयार करतो आणि थांबतो. आधी एकच फोन लावतो, केसरबाईंना. त्यांनी पूर्ण ऐकून एक दाबलं तर गावाला जातं. दोन दाबलं तर सगळं रद्द. काहीच दाबलं नाही तर मी तिथेच उभा. आम्ही मॉड्यूल लोक वेगासाठी जन्मलेले. सकाळी सुरू झालं की डोळ्याची पापणी लवायच्या आत संपवायचं, यातच आमचा अभिमान. थांबायला शिकणं मला जड गेलं.

खऱ्या पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळी मी जागा झालो. तारीख बरोबर, आवाज बरोबर, तपासणी हिरवी. केसरबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला, शेवटपर्यंत ऐकला, आणि दोन दाबलं.

लाल.

वृषाली पडद्याकडे बघतच राहिली. गौरव त्या दिवशी खास सुट्टी काढून आला होता. तो हळूच म्हणाला, "काकूनं चुकून दाबलं आसन. तू इथून एक कर न, तुह्याजवळ तं चाबी हाय." वृषालीजवळ किल्ली खरंच होती. एका ओळीचं काम. तिचा हात कळफलकावर गेला, थोडा वेळ तिथे राहिला, आणि तिने तो मागे घेतला. "आई नाही म्हणाली," ती म्हणाली, आणि चप्पल घालून आईला शोधायला निघाली.

शोधावं लागलं नाही. केसरबाई अंबाबाईंच्या अंगणात होत्या. आपल्या घरच्या निंबोळ्यांची अर्धी टोपली त्यांनी सकाळीच तिकडे नेली होती आणि दोघी मिळून कांडत होत्या. वृषाली धापा टाकत पोचली तेव्हा केसरबाई म्हणाल्या, "संदेश बरोबर हाय. पण हा पहले नाही जाणार. पहले मले बोलायचं हाय. तुहा फोन दे."

तिथेच, उखळाशेजारी बसून, कोंबड्यांच्या आवाजात, त्यांनी बोलून घेतलं. अंबाबाई मुसळ थांबवून ऐकत होत्या.

"मी केसरबाई बोलून राहिली. मांगच्या आवसेले माह्या आवाजात चुकीचा दिवस गेला. ज्यायनं माह्यावर भरोसा ठेवून फवारलं, त्यायचं नुकसान माह्यामुळं झालं. मले माफ करा जी. ज्यायच्याकडं निंबोळी सरली आसन, त्यायनं आमच्या घरी या, हाय तेवढी वाटून घेऊ. आता खरी पोळ्याची आवस परवा हाय. मी सोता पाहून सांगून राहिली."

वृषालीने तो तुकडा मला दिला. मी पुन्हा पहिल्यापासून चाललो, पुन्हा थांबलो, पुन्हा एकच फोन लावला. या वेळी एक आलं.

मला फोनपलीकडचे चेहरे दिसत नाहीत. कुणी किती वेळ ऐकलं एवढंच मला कळतं. पहिल्या खेपेला निम्म्या लोकांनी "मारून घ्या" यायच्या आधीच फोन ठेवला होता. त्या दिवशी जवळजवळ सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. अंबाबाईंनी तर समोर बसून ऐकलेलंच पुन्हा फोनवर ऐकलं, आणि संपल्यावर परत लावून ऐकलं. संध्याकाळी नत्थूजींच्या अंगणात निंबोळीसाठी पिशव्या घेऊन लोक आले. त्यांच्यात पाणवठ्यावर हसणाऱ्या बायकाही होत्या. पुरणाच्या डाळीचं कुणी काही काढलं नाही.

त्याला आता एक वर्ष होऊन गेलं. माझ्यात आज मूळच्या ओळी शोधायच्या तर भिंग लागेल. गौरवने माझी एक प्रत पांढुर्ण्याला संत्र्यांसाठी नेली आहे. तिथे त्याची आई बोलते. नेताना त्याने माझं बरंच काही कापलं, ते ठीकच आहे. थांबायची पायरी मात्र तशीच ठेवली, हे त्याने वृषालीला फोन करून मुद्दाम सांगितलं.

माझ्यासारखे नमुने तुम्हीही कधी घ्याल. खुशाल घ्या. माझी उदाहरणं पुसा, नावं बदला, मला मोडून दुसरं काही बांधा, माझी काही हरकत नाही. एवढंच सांगेन की तुमच्या कामात कुणाचा आवाज, कुणाचं नाव जाणार असेल, तर त्या माणसाला विचारायची जागा आधी ठेवा आणि घाई झाली म्हणून ती काढू नका.

आता रजा घेतो, कारण मी कामात आहे. यंदाच्या पोळ्याचा संदेश सकाळीच तयार झाला. केसरबाई शेतात निंदणाला गेल्या आहेत आणि त्यांचा फोन धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पिशवीत वाजतो आहे. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटेल, हा अडकला. अडकलेलो नाही. विचारलंय, उत्तर यायचं आहे.